‘विकृती’ : शब्दार्थ आणि व्यवहार

‘कृ’ धातूस ‘क्तिन्’ प्रत्यय लागून ‘कृति’ हा शब्द सिद्ध होतो. त्यास ‘आ’ जोडला की आकृती, ‘प्र’ जोडला की प्रकृती आणि ‘वि’ जोडला की विकृती. ‘वि’ या उपसर्गात वेगळेपणाचा भाव आहे. बिघाड हा त्याचा केवळ एक प्रकार. आजच्या मराठीत मात्र विकृती म्हटले की मोडलेला आकार किंवा किळसवाणी मनोवृत्ती एवढेच मनात येते.

पाणिनीने (५.१.१२) मूळ द्रव्यास प्रकृती व त्यापासून होणाऱ्या वस्तूस विकृती म्हटले आहे. लाकूड ही प्रकृती, त्याचा कोळसा ही विकृती. यात दोषारोप नाही. गूळ, खांड, शर्करा यांस आपल्या संहितांत इक्षुविकार म्हणतात, ते ऊस बिघडला म्हणून नव्हे. औषधनिर्मात्यांच्या कढईतील पाकही या अर्थाने विकारच!

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात धातूंच्या वैषम्यास विकार व साम्यास प्रकृती म्हटले. येथेही कसोटी समतेची आहे, आकाराची नव्हे. विमानस्थानातील दशविध परीक्षेत प्रकृतीच्या पाठोपाठ विकृती येते ती याच अर्थाने. इंद्रियस्थानात तर विकृतीचे तीन प्रकार सांगून तिसरा, निमित्तावाचून प्रकटणारा, आसन्नमरणाचे चिन्ह मानला आहे. एकाच शब्दाचा पल्ला साखरेपासून अरिष्टापर्यंत!

हा पल्ला रुग्णास ठाऊक नसतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडील एका नवशिक्या वैद्याने रुग्णपत्रिका मोठ्याने वाचली, “विकृती वातप्रधान.” समोर बसलेले मुलाचे वडील ताडकन उठले. “आमचा मुलगा विकृत नाही हो डॉक्टर, त्याचे गुडघे दुखतात!” अर्धा तास समजूत काढली, पुढच्या तपासणीस मात्र ते आलेच नाहीत. मुलाचा उपचार एका शब्दापायी अर्धवट राहिला.

तेव्हापासून पत्रिकेत ‘विकृती’ लिहितो, रुग्णापुढे ‘वात वाढला आहे’ असे म्हणतो. जुनाट आमवातात बोटे खरोखरच वाकली असतील, तर ‘बोटांत वाक आला आहे’ एवढे पुरते. लेखनात ‘वक्रता’ वा ‘विरूपता’ योजावा. औषधालयांच्या माहितीपत्रकांतही ‘सांध्यांच्या विकृतीवर’ असे मोघम छापण्यापेक्षा संधिवात, आमवात अशी व्याधीची नावेच द्यावीत. वाकलेले बोट या औषधाने सरळ होईल, असा ग्राहकाचा समज त्या एका शब्दाने होऊ शकतो, आणि पुढे त्याला उत्तर विक्रेत्याला द्यावे लागते.