रिफिलची शाई, मूळ शाई आणि फोटोचे आयुष्य

इंकजेट प्रिंटरवर छापलेला फोटो किती टिकेल, हे तीन गोष्टी ठरवतात: शाईत रंग कोणत्या रूपात आहे, कागद कोणता आहे आणि छापल्यानंतर तो फोटो कुठे लावला आहे. शाई मूळ कंपनीची की रिफिलची, हा प्रश्न यांतल्या पहिल्या गोष्टीत मोडतो. ग्राहकाला मात्र बाटलीवरचे नाव तेवढे दिसते, आतला रंग दिसत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव, खामगाव, चिखली, मेहकर अशा गावांतल्या स्टुडिओंत आणि झेरॉक्सच्या दुकानांत टाकीचा प्रिंटर आता नेहमीचा झाला आहे. त्याआधी कार्ट्रिज असे. ते महाग पडे, म्हणून सुईने शाई भरण्याचा उद्योग सुरू झाला. पुढे प्रिंटरच्या बाजूला टाक्या बसवून नळ्यांनी शाई आत नेण्याची सोय कंपनीबाहेरच्या लोकांनीच केली. हे पाहून एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी लावलेला प्रिंटर आणला आणि नंतर कॅनन, एचपी, ब्रदर यांनीही तीच वाट धरली. मूळ शाई त्यामुळे बरीच स्वस्त झाली, पण बाजारातली रिफिल तिच्याहूनही स्वस्त मिळते. म्हणून दुकानदारापुढचा प्रश्न कायम आहे.

इंकजेटची शाई म्हणजे बहुतांश पाणी. नोझल वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि रंगाचा वाटा थोडाच असतो. हा रंग दोन प्रकारे घालता येतो. डाय पाण्यात साखरेसारखा विरघळतो, त्याचा एकेक रेणू सुटा होतो. पिगमेंट विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. सुट्या रेणूला प्रकाशाचा किंवा हवेतल्या ओझोन वायूचा एक फटका बसला तरी त्याचा रंग जातो. कणात मात्र असंख्य रेणू एकमेकांना चिकटून असतात. वरचा थर झिजला तरी आतला शाबूत राहतो. डाय ग्लॉसी कागदावर जास्त चमकतो, पिगमेंट जास्त टिकते. ओळखण्याची साधी रीत अशी की साध्या कागदावरच्या छपाईवर पाण्याचा थेंब टाकावा. डाय लगेच फुटून पसरतो, पिगमेंट बहुधा जागचे हलत नाही.

हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. बोरूने मोडी लिहिणारे कारकून काजळ आणि डिंक खलून केलेली शाई वापरत. काजळ म्हणजे बहुतांशी कार्बन, एक पिगमेंटच. त्याला प्रकाश फिका करू शकत नाही. म्हणून पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद पिवळे पडले, कुरतडले गेले, तरी त्यांवरची अक्षरे काळीच राहिली.

घरगुती आणि स्टुडिओच्या टाकी प्रिंटरांत रंगीत शाई बहुधा डायची असते. मग मूळ आणि रिफिल यांत फरक कुठे पडतो? डायही अनेक जातींचे असतात. आकाशी रंगासाठी बहुधा तांबेयुक्त थॅलोसायनिन वापरतात. ते प्रकाशाला बऱ्यापैकी तोंड देते, पण ओझोनपुढे हरते. गुलाबी मॅजेंटा उन्हाला फार लवकर बळी पडतो. मोठ्या कंपन्यांनी या दोन रंगांचे रेणू अधिक टणक करण्यावर वर्षानुवर्षे काम केले, त्यांची पेटंटे घेतली आणि शाई आपल्याच कागदावर तपासली. स्वस्त रिफिल बनवणाऱ्याला ते रेणू वापरता येत नाहीत किंवा परवडत नाहीत. छापताना रंग मूळ शाईशी जुळला, नोझल तुंबले नाही, एवढे त्याला पुरते. म्हणून नव्या फोटोंत फरक दिसत नाही आणि वर्षभराने दिसतो. एकच रंग आधी गेल्यामुळे फोटो नुसता फिका होत नाही. मॅजेंटा गेला तर चेहरे हिरवट पडतात, आकाशी गेला तर सगळे नारिंगी होते.

तरीही मूळ शाई म्हणजे हमखास टिकाऊपणा असे नाही, हे 2000 मध्ये एप्सनच्या स्टायलस फोटो 870 आणि 1270 या प्रिंटरांनी दाखवून दिले. त्यांचे फोटो दहा वर्षे टिकतील असे सांगितले गेले होते. शाई मूळ, कागदही त्याच कंपनीचा. पण काही घरांत उघडे लावलेले फोटो थोड्याच दिवसांत नारिंगी झाले, तर काचेमागचे चांगले राहिले. दोष हवेतल्या ओझोनचा होता. तपासणी प्रकाशाची झाली होती, हवेची नाही. तो ग्लॉसी कागद सूक्ष्म छिद्रांचा होता. अशा कागदावर शाई झटकन सुकते, पण त्याच छिद्रांतून हवा रंगापर्यंत पोचते. आज दुकानात मिळणारा बराचसा ग्लॉसी कागद याच जातीचा आहे. त्यामुळे हलका कागद आणि मूळ शाई अशी जोडी लावून कंपनीच्या जाहिरातीतले आयुष्य मिळेल, ही अपेक्षा चुकीची ठरते.

जाहिरातीतल्या वर्षांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. कॅननने 2005 च्या सुमारास क्रोमालाइफ100 हे नाव आणले. त्यातले शंभर म्हणजे अल्बमच्या अंधारातली वर्षे. काचेमागे प्रकाशात 30 आणि उघड्या हवेत 10 वर्षे असे त्याचे बाकीचे आकडे होते, आणि तेही ठरावीक कागदावर. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हेन्री विल्हेल्म यांची संस्था छापील फोटोंच्या आयुष्याची चाचणी घेते. तिचा मापदंड 450 लक्स प्रकाश, रोज 12 तास असा आहे. म्हणजे दिवसाला 5,400 लक्स-तास. हे घरातल्या उजेडाच्या खोलीचे माप झाले. उन्हाळ्यातले थेट ऊन साधारण एक लाख लक्स असते. त्या हिशोबाने उन्हातला एक तास खोलीतल्या अठरा दिवसांएवढा भरतो, आणि उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा वेगळाच. 30 वर्षे आयुष्य सांगितलेला फोटो रोज चार तास उन्हात राहिला तर पाच महिन्यांत त्याच्या वाट्याचा प्रकाश संपतो. रिफिलच्या साध्या डायचे आयुष्य याहून कमी धरावे लागते.

बुलढाणा जिल्ह्याची हवा या बाबतीत कठोर आहे. पूर्णा खोऱ्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. घाटावरचे बुलढाणा शहर त्यामानाने थंड. पावसाळ्यात हवा दमट होते आणि कागदात मुरलेला डाय हळूहळू पसरून कडा पुसट होतात. उन्हाळ्यात घरोघरी लागणारा कूलर तर दमट हवा आणि जोराचा झोत दोन्ही देतो. कूलरसमोर उघडा टांगलेला फोटो म्हणजे ताजी हवा सतत अंगावर घेणारा फोटो. त्याचा रंग स्थिर हवेतल्या फोटोपेक्षा लवकर जातो. देव्हाऱ्यातली किंवा दुकानातल्या गल्ल्यामागची तसबीर काचेत बसवली की ओझोन जवळजवळ थांबतो. मात्र काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, नाहीतर ओलीने फोटो काचेलाच चिकटतो. लॅमिनेशनही हवा आणि पाणी अडवते, प्रकाश अडवत नाही. ते परत काढता येत नाही, म्हणून मूळ दाखला किंवा गुणपत्रक लॅमिनेट करणे टाळावे.

कागदपत्रांची गोष्ट फोटोंपेक्षा सोपी आहे. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्याची छपाई उडाली तरी उतारा पुन्हा काढता येतो. पेनने सही आणि शिक्का असलेल्या कागदाला ती सोय नाही. असा मजकूर लेझर प्रिंटरवर छापणे उत्तम. लेझरची काळी पावडर म्हणजे प्लॅस्टिकमध्ये मिसळलेला रंग, बहुधा कार्बन. तो उन्हाने उडत नाही, टोनर मूळ असो वा रिफिलचा. एचपीचे 12ए हे टोनर कार्ट्रिज गावोगावी पुन्हा भरले जाते. त्यात धोका रंग जाण्याचा नसून पावडर कागदाला नीट न चिकटण्याचा आहे. घडीवर अक्षरे खरवडून निघाली, तर पावडर हलकी आहे किंवा प्रिंटरचा तापणारा रोलर थकला आहे. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये दाबून ठेवलेला असा कागद उन्हाळ्यात फाइललाच चिकटतो.

रिफिल नेहमीच हरते असेही नाही. अमेरिकेतल्या जॉन कोन यांच्या पायझोग्राफी शाया प्रिंटर कंपनीच्या नाहीत, तरी त्यांतले कार्बन पिगमेंट कृष्णधवल फोटोंसाठी अतिशय टिकाऊ मानले जाते. बाहेरची पिगमेंट शाई मूळ कंपनीच्या डायपेक्षा जास्त टिकू शकते. पण डायसाठी बनवलेल्या प्रिंटरमध्ये पिगमेंट भरले तर कण नोझलमध्ये बसून हेड जाम होण्याची भीती असते, आणि बाटलीवर पिगमेंट लिहिले म्हणजे आत ते असतेच असे नाही.

म्हणून कोणत्याही दुकानदाराला परवडणारी परीक्षा अशी: एकच फोटो, ज्यात माणसाचा चेहरा, निळे आकाश आणि राखाडी पट्टी आहे, एकाच ग्लॉसी कागदावर दोन्ही शायांनी छापावा. दिवसभर सुकू द्यावा. प्रत्येकाचे दोन तुकडे करून एक वहीत बंद करून कपाटात ठेवावा आणि दुसरा ऊन येणाऱ्या खिडकीला आतून चिकटवावा. मागे तारीख आणि शाईचे नाव पेन्सिलने लिहावे. मार्चमध्ये लावलेले तुकडे जूनच्या पहिल्या पावसाआधी काढून वहीतल्या तुकड्यांशेजारी ठेवले की राखाडी पट्टी कुठल्या रंगाकडे झुकली ते दिसते. ती हिरवट झाली असेल तर त्या शाईचा मॅजेंटा कच्चा आहे. पट्टी राखाडीच राहून सारखी फिकी झाली असेल तर तिन्ही रंग एकत्र झिजले आहेत. अशी शाई अल्बमच्या फोटोला चालते. दोन्ही शायांचे तुकडे सारखेच उतरले असतील तर दोष कागदात असू शकतो, आणि तीच परीक्षा दुसऱ्या कागदावर घ्यावी लागते.