उधारीचा हिशोब आणि रुबीतलं ‘एकूण’

रुबीच्या व्हिडिओत शेवटचा भाग जरा घाईत झाला, म्हणून तो इथे नीट लिहितो. कोड तुम्ही स्क्रीनवर पाहिलाय, इथे फक्त त्यामागचं कारण.

आमच्या मंगळवेढ्यात किराणा उधारीवर जातो आणि ज्वारीची सुगी झाली की पैसे येतात. प्रत्येकाला बाकीचा मेसेज जावा म्हणून मी रुबीत छोटा प्रोग्राम लिहिला. ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल शून्यावर ठेवलं. ‘ईच’ लावून एकेक गिऱ्हाईक घेतलं, आत दुसरं ‘ईच’ लावून त्याची बिलं घेतली, बिल बाकी असेल तर रक्कम ‘एकूण’मध्ये मिळवली.

चूक दिसली? गिऱ्हाईक बदललं तरी ‘एकूण’ परत शून्य होतच नव्हतं. पहिल्याची बाकी १,२०० बरोबर आली. दुसऱ्याची होती ८००, त्याला मेसेज गेला २,००० चा. एरर वगैरे काही नाही. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, पण वही उघडून दाखवेपर्यंत गल्ल्यासमोरून हललं नाही.

‘एकूण’ शून्य करायची ओळ बाहेरच्या लूपच्या आत घेतली की हे सुटतं. पण पुढच्या प्रोग्रामात परत विसरणारच ना! म्हणून ते व्हेरिएबलच काढून टाकलं. ‘सिलेक्ट’ने फक्त बाकी बिलं निवडली. ‘ग्रुप_बाय’ने गिऱ्हाईकवार ढीग केले, आपण गल्ल्यावर चिठ्ठ्या लावतो तसे. ‘ट्रान्सफॉर्म_व्हॅल्यूज’मध्ये ‘सम’ लावून प्रत्येक ढिगाची बेरीज केली. ‘सम’ दर वेळी स्वतःच शून्यापासून मोजतं. या शेवटच्या दोन सोयी रुबीच्या गाभ्यात २.४ मध्ये, डिसेंबर २०१६ ला आल्या. म्हणून जुन्या धड्यांत तुम्हाला लूप किंवा ‘इंजेक्ट’च दिसतं.

आता सगळीच व्हेरिएबलं उडवू नका. ‘बाकी_बिलं’ असं नाव देऊन एकदाच भरलेलं व्हेरिएबल उलट वाचायला सोपं जातं. घोळ घालतं ते दर फेरीला बदलणारं. आणि मेसेज पाठवायला मी ‘ईच’च ठेवलंय, कारण तिथे हिशोब नाही, काम करायचंय.

एक लक्षात ठेवा: आधी ‘सिलेक्ट’ केलं की ज्याची बाकी नाही तो यादीतच येत नाही. मला तेच हवं होतं. तुम्हाला ‘बाकी शून्य’ असाही मेसेज पाठवायचा असेल तर आधी ढीग करा, मग प्रत्येक ढिगातली बाकी बिलं निवडा.