साखरेने मावा मरतो, पण डब्यातल्या नव्हे!

बाल्कनीतल्या मिरचीची पाने वळायला लागली आहेत, हात लावला की चिकटतात आणि कुंडीत मुंग्यांची ये-जा वाढली आहे? मग एक पान उलटून बघा. मागे हिरवे किंवा काळे बारीक किडे दाटीवाटीने बसलेले दिसतील. हाच मावा. तो झाडाचा गोड रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकतो. मुंग्या येतात त्या याच थेंबांसाठी. माव्याची मादी नराशिवायही थेट पिल्ले देते, त्यामुळे चार किड्यांची फौज व्हायला फार दिवस लागत नाहीत.

साखरेवर पोसलेल्या या किडीवर साखरेपासूनच औषध बनले आहे. त्याची कल्पना मिळाली ऑस्ट्रेलियातल्या ‘निकोटियाना गॉसी’ या जंगली तंबाखूकडून. तिच्या पानांवरच्या बारीक लवेतून एक चिकट द्रव पाझरतो. त्यात साखर आणि स्निग्धाम्ले जोडून तयार झालेले ‘शुगर एस्टर’ असतात आणि ते किडींना जवळ टिकू देत नाहीत. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी असेच पदार्थ प्रयोगशाळेत बनवले. त्यातल्या ‘सुक्रोज ऑक्टॅनोएट’ची तिथे २००२ मध्ये कीटकनाशक म्हणून नोंदणी झाली. यात साखरेला जोडलेले आम्ल आपल्या खोबरेल तेलातही असते बरं का!

हा फवारा माव्याच्या अंगावरचे मेणाचे आवरण बिघडवतो. अंगातले पाणी निघून जाते आणि किडा सुकून मरतो. मात्र फवारा थेट अंगावर पडायला हवा. एकदा वाळला की त्याचा जोर संपतो आणि पुढे त्याची साखर व स्निग्धाम्ले होऊन जातात.

म्हणूनच याची चाचणी जपून करावी लागते. नुसत्या पाण्याच्या माऱ्यानेही काही मावा मरतो, मग श्रेय कोणाला द्यायचे? त्यासाठी काही रोपांवर औषध फवारतात, काहींवर फक्त पाणी, आणि ठरावीक वेळाने दोन्हीकडचे मेलेले किडे मोजतात. समजा, औषधाने १०० पैकी ८० मेले आणि पाण्याने २०. मग पाण्यातून वाचलेल्या ८० पैकी ६० औषधाने मारले, म्हणजे खरा परिणाम ७५ टक्के. हा हिशेब अ‍ॅबट या कीटकशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडला आणि तो आजही वापरतात. शिवाय पाने करपली का, माव्याला खाणारे लेडीबर्ड भुंगे वाचले का, हेही बघावे लागते. मला तर हे शेवटचे मोजमाप सगळ्यात महत्त्वाचे वाटते, कारण उरलेला मावा तेच खाणार असतात.

घरी मात्र साखरेचे पाणी फवारू नका. मावा जागचा हलणार नाही, मुंग्या तेवढ्या वाढतील. त्यापेक्षा पानांच्या मागच्या बाजूला साध्या पाण्याची जोरदार धार मारा आणि दोन-तीन दिवसांनी पान पुन्हा उलटून बघा.