शिल्लक राहिलेल्या पट्टीचा धोका

चारकोपच्या माझ्या दवाखान्यात पावसाळ्यात एक वाक्य हमखास कानी पडते : "डॉक्टर, मागच्या वेळच्या गोळ्या उरल्या होत्या, त्याच घेतल्या."

७४ वर्षांच्या एका आजोबांनी हेच केले. जुलाब सुरू होताच त्यांनी खणातली ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी काढली. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालूच होते. जेवण मात्र नाममात्र. दुसऱ्या रात्री त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले. सुनेने यंत्रावर साखर पाहिली. ती ४८ भरली. आजोबांना गिळता येत होते, म्हणून तिने साखरपाणी पाजले आणि लगेच रुग्णालय गाठले. या गोळ्यांमुळे घसरलेली साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून त्यांना देखरेखीखाली ठेवावे लागले.

गोळी बनावट नव्हती, तिची मुदतही संपली नव्हती. परंतु या गटातील प्रतिजैविके मधुमेहाच्या काही औषधांसोबत साखर एकाएकी उतरवू शकतात. शिवाय बहुतेक जुलाबांना प्रतिजैविक लागतच नाही, जलसंजीवनी पुरते.

अशा आणखी काही जोड्या ध्यानात ठेवाव्यात. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारोल घेत असाल, तर मेट्रोनिडाझोल वा को-ट्रायमोक्साझोलने रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूंना क्लॅरिथ्रोमायसिनमुळे इजा संभवते. हृदयाचे ठोके अनियमित असल्यास ॲझिथ्रोमायसिनपूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. कॅल्शियम, लोह वा आम्लपित्ताच्या औषधांबरोबर घेतलेले सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन पुरेसे शोषलेच जात नाही. दोहोंत किती तासांचे अंतर ठेवावे, ते विचारून घ्यावे.

वयपरत्वे मूत्रपिंडांचे काम मंदावते, औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. म्हणून शेजाऱ्याला मानवलेली मात्रा आपल्याला अधिक ठरू शकते. क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल डॉक्टरांना अवश्य दाखवावा.

आपण एवढे करावे. चालू औषधांची नावे, मात्रा आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून तो जवळ बाळगावा. आयुर्वेदिक औषधेही त्यात लिहावीत. प्रतिजैविक सुरू होताच रक्तदाबाच्या वा साखरेच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीवाचून घेऊ नये. आरोग्य मंत्रालयाने २०१६ पासून या रेघेविषयी जनजागृती चालवली आहे. औषध सुरू असताना अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, काळी शौचास, छातीत धडधड, टाचेमागे तीव्र वेदना किंवा अचानक भ्रम जाणवल्यास पुढची गोळी घेण्यापूर्वी तातडीने डॉक्टरांशी बोलावे. श्वास लागल्यास थेट रुग्णालय गाठावे.

घरच्यांनो, ज्येष्ठांना दटावू नका. खण उघडून त्यांच्यासोबत बसा. त्या आजोबांच्या खणात आता उरलेल्या पट्ट्या नाहीत. सुनेच्या अक्षरातील औषधांची यादी मात्र आहे, आणि दवाखान्यात येताना ते ती न विसरता खिशात घालतात.