पंचाची नजर आणि पडद्यावरचा न्याय

जून २०२४ मध्ये अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने फुटबॉलच्या जगात दोन घटना घडल्या. ६ जून रोजी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील वीस क्लबांनी, व्हिडिओ साहाय्यक पंचाची पद्धत चालू ठेवावी की मोडीत काढावी, या प्रश्नावर मतदान केले. वुल्व्हरहॅम्प्टन या क्लबाने ती बंद करण्याचा ठराव मांडला होता. त्याच्या बाजूने एक आणि विरुद्ध एकोणीस मते पडली. पुढे ११ जून रोजी दोहा येथे विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत भारत आणि कतार यांची गाठ पडली. भारत एका गोलाने आघाडीवर असताना ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलखांबाच्या बाजूने मैदानाच्या अंत्यरेषेपलीकडे गेला. कतारच्या एका खेळाडूने तो मागे ओढला, दुसऱ्याने जाळ्यात धाडला आणि पंचांनी गोल दिला. भारतीय खेळाडूंनी हरकत घेतली, परंतु त्या फेरीत चित्रफीत तपासण्याची सोयच नव्हती. भारत १-२ असा हरला. तो सामना जिंकला असता, तर भारत प्रथमच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पोहोचला असता.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे व्हिडिओ पंचाविषयीच्या वादाचे खरे स्वरूप ध्यानात येते. एकीकडे ज्यांना ही सोय भरपूर मिळाली आहे, ते तिच्या अतिरेकाने त्रासले आहेत. दुसरीकडे ज्यांना तिची खरी गरज होती, त्यांच्या वाट्याला ती आलेलीच नाही. यंत्र चांगले की वाईट, एवढ्यापुरती चर्चा केली, तर ही विषमता नजरेआड होते. यंत्राने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, कोणत्या प्रश्नापासून दूर राहावे आणि त्याचा लाभ कोणाला मिळावा, असे तीन प्रश्न येथे वेगवेगळे करून पाहिले पाहिजेत.

चुकांचा इतिहास

फुटबॉलचे नियम ठरविणारे मंडळ १८८६ साली स्थापन झाले. त्यात ब्रिटनमधील चार संघटनांना प्रत्येकी एक आणि फिफा या जागतिक संघटनेला चार मते असतात. नियम बदलायचा, तर आठांपैकी सहा मते लागतात. अशी रचना असलेली संस्था सावकाश चालणार, हे उघड आहे. तिच्या या सावधपणाची किंमत मात्र अनेकांना मोजावी लागली. १९६६ च्या अंतिम सामन्यात जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली आपटला. तो रेषेच्या आत पडला की नाही, यावर आजही वाद होतो. पण रेषापंचाने होकार दिला आणि इंग्लंडला गोल मिळाला. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको शहरात दिएगो मॅराडोनाने चेंडू हाताने जाळ्यात ढकलला. ते दूरचित्रवाणीवर जगाने पाहिले. ज्यांनी पाहणे आवश्यक होते, त्या पंचांनाच ते दिसले नाही.

पुढे या चुकांना पैशाचे मोल चिकटले. नोव्हेंबर २००९ मध्ये पॅरिस येथे थिएरी हेन्रीने हाताने अडवलेल्या चेंडूवर फ्रान्सचा गोल झाला आणि आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद झाली. न्यायालयीन तंटा टाळण्यासाठी फिफाने आयरिश संघटनेला ५० लक्ष युरो दिले होते, ही गोष्ट २०१५ मध्ये उघडकीस आली. पंचाच्या एका चुकीची किंमत इतक्या रोखठोकपणे मांडली जाण्याचा प्रसंग विरळाच. जून २०१० मध्ये ब्लूमफाँटेन येथे फ्रँक लँपार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या बराच आत पडूनही गोल मिळाला नाही, तेव्हा मंडळाचा धीर सुटला. २०१२ मध्ये गोलरेषेवरील यंत्राला मान्यता मिळाली. दोन वर्षांच्या प्रयोगांनंतर मार्च २०१८ मध्ये व्हिडिओ पंचाचा नियमावलीत समावेश झाला आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात ही पद्धत वापरली गेली.

यंत्राच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि ते अर्थशास्त्राच्या अभ्यासातून पुढे आलेले आहे. गारिकानो, पालासिओस-हुएर्ता आणि प्रेंडरगास्ट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी स्पेनमधील सामन्यांची छाननी करून २००५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. यजमान संघ एका गोलाने मागे असला, की पंच अखेरीस जादा वेळ अधिक देतात आणि तो एका गोलाने पुढे असला, की कमी देतात, असे त्यांना आढळले. यात लाचलुचपतीचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. हजारो कंठांचा दाब माणसाच्या निर्णयशक्तीवर नकळत पडतो. प्रेक्षकांच्या कोलाहलापासून दूर, बंद खोलीत बसलेला दुसरा पंच हा दाब काही अंशी कमी करू शकतो. ही बाजू हलकी लेखून चालणार नाही.

तथ्य आणि तारतम्य

नियमानुसार व्हिडिओ पंचाने चारच बाबतींत लक्ष घालायचे असते: गोल झाला की नाही, पेनल्टी द्यावी की नाही, थेट लाल कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा. शिवाय चूक स्पष्ट आणि ढळढळीत असली पाहिजे. कागदावर ही मर्यादा नेटकी आहे. अडचण अशी, की या चार बाबींत दोन भिन्न जातींचे प्रश्न एकत्र नांदतात. चेंडू रेषेपलीकडे गेला का, हा तथ्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मोजून देता येते. चेंडू हाताला लागला तो हेतुपुरस्सर की अभावितपणे, हा तारतम्याचा प्रश्न आहे. त्याला फूटपट्टी लावता येत नाही.

मॉस्को येथील २०१८ च्या अंतिम सामन्यात हा फरक ठळकपणे दिसला. फ्रान्स आणि क्रोएशिया १-१ अशा बरोबरीत असताना चेंडू इव्हान पेरिसिचच्या हाताला लागला. पंच नेस्टर पिटाना यांनी प्रथम खेळ चालू ठेवला, मग पडद्यापाशी जाऊन चित्रफीत पाहिली, परत वळले, पुन्हा पाहिली आणि अखेर पेनल्टी दिली. चेंडू हाताला लागला, हे कोणीही नाकारले नाही. तो गुन्हा होता का, यावर मात्र जाणकारांत एकमत झाले नाही. ज्या प्रश्नावर दहा वेळा चित्रफीत पाहूनही पाच जाणकार एका बाजूला आणि पाच दुसऱ्या बाजूला राहतात, तेथे पहिला निर्णय ढळढळीत चुकीचा होता असे म्हणता येत नाही. त्यातच संथ गतीने दाखवलेल्या चित्रात क्षणार्धाची हालचाल सावकाश, म्हणून विचारपूर्वक केल्यासारखी भासते. म्हणजे पुरावा वाढतो, तसा त्याचा अर्थही बदलतो.

तथ्याच्या प्रांतातही यंत्राची अचूकता अमर्याद नाही. सेकंदाला ५० चित्रे टिपणारा कॅमेरा घेतला आणि खेळाडू सेकंदाला ९ मीटर वेगाने धावत आहे असे धरले, तर दोन चित्रांच्या मधल्या काळात तो १८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. मग अंगठ्याएवढ्या अंतरावरून ऑफसाइड ठरवणे ही मोजणी नव्हे, मोजणीचा आभास होय. हे ओळखून इंग्लंडमध्ये २०२१ पासून पडद्यावरील रेषा जाड करण्यात आल्या. २०२२ च्या कतार विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे आणि सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा चेंडूतील संवेदक यांच्या साहाय्याने ही उणीव बरीच कमी झाली. तथापि मोजणीला सीमा असतेच. क्रिकेटमधील डीआरएसने ती उघडपणे मान्य केली आहे. चेंडू यष्टीला निसटता लागेल असे दिसले, तर मैदानावरच्या पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. आपल्या अज्ञानाची सीमा नियमातच लिहून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा फुटबॉलने घेण्यासारखा आहे.

चूक जागा बदलते

पद्धतीच्या समर्थकांकडे आकडे आहेत. प्रीमियर लीगच्या म्हणण्यानुसार महत्त्वाच्या निर्णयांतील अचूकता ८२ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेली. हा लाभ लहान नाही. परंतु उरलेले चार टक्के पूर्वीच्या अठरा टक्क्यांपेक्षा अधिक बोचतात. पूर्वी पंच चुकला, तर एवढ्या धावपळीत एक माणूस आणखी काय पाहणार, असे म्हणून प्रेक्षक शिव्या देत का होईना, पण घरी जात असे. आता सर्व साधने हाताशी असताना चूक झाली, की ती अक्षम्य वाटते.

३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझने गोल केला. मैदानावरील पंचांनी तो ऑफसाइड ठरवला. खोलीतील पंचांनी रेषा आखून पाहिली. गोल वैध होता. परंतु मैदानावर गोल दिलेला आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. तपासणी पूर्ण, असा निरोप त्यांनी धाडला आणि खेळ पुढे सुरू झाला. क्षणभरात चूक कळली, पण नियम आडवा आला. लिव्हरपूल १-२ असे हरले. कॅमेरा बरोबर होता, चित्र बरोबर होते, रेषाही बरोबर होती; चुकले ते खोली आणि मैदान यांच्यामधले बोलणे. प्रत्येक कारकुनाला हा अनुभव परिचित आहे: फाइल अचूक, टिपण अचूक, आणि निर्णय उलटा.

जून २०२० मध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात तर खुद्द गोलरेषेचे यंत्रच गप्प राहिले. गोलरक्षक चेंडूसह रेषेच्या आत गेला होता. खेळाडूंच्या गर्दीने कॅमेऱ्यांची दृष्टी अडली. व्हिडिओ पंचही मध्ये पडले नाहीत. सामना ०-० असा सुटला. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने जाहीर क्षमा मागितली. हंगामाच्या अखेरीस व्हिलाचे ३५ आणि बोर्नमथचे ३४ गुण झाले. व्हिला वरच्या श्रेणीत टिकले, बोर्नमथ खाली गेले. तो गोल धरला गेला असता आणि सामन्यात आणखी काही घडले नसते, तर गोलांच्या फरकाच्या हिशेबाने उलट झाले असते.

या पद्धतीची एक किंमत कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. क्रिकेट मुळातच चेंडूगणिक थांबणारा खेळ आहे. तेथे तपासणी सहज सामावते. फुटबॉलचा प्राण त्याच्या ओघात आहे आणि गोलानंतरचा जल्लोष हा त्या ओघाचा कळस. आता प्रेक्षक आनंद करावा की नाही, हे विचारण्यासाठी पडद्याकडे पाहतो. स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला तर आत काय चालले आहे, याचा पत्ताच नसतो. स्वीडनमध्ये क्लबांची बहुसंख्य मते सभासदांच्या हाती असतात. तेथे एप्रिल २०२४ मध्ये ही पद्धत न आणण्याचे ठरले. मालकांनी मतदान केले तेथे यंत्र राहिले आणि प्रेक्षकांनी केले तेथे नाकारले गेले, ही गोष्ट बोलकी आहे.

न्यायाची वाटणी

तेव्हा यंत्र टाकून द्यावे काय? दोह्याचा सामना पाहिलेला कोणीही भारतीय असे म्हणणार नाही. चेंडू अंत्यरेषेपलीकडे गेला होता, हे सांगण्यासाठी बारा कॅमेऱ्यांची गरज नव्हती. एक चित्रफीत आणि अर्धे मिनिट पुरले असते. याउलट मार्च २०२३ मधील बंगळूरचा प्रसंग पाहावा. सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल दिला गेला, म्हणून केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला आणि पुढे त्याला ४ कोटी रुपयांचा दंड झाला. तेथे तंटा पंचाने ती किक तशी घेऊ द्यावी की नाही, याचा होता. असला वाद चित्रफितीने मिटतोच असे नाही. एक प्रसंग तथ्याचा, दुसरा तारतम्याचा. औषध एक असू शकत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली: यंत्राचा अधिकार जे मोजता येते तेवढ्यापुरता ठेवावा आणि तारतम्याचा निर्णय, डोळ्यांत भरणारी चूक वगळता, मैदानावरच्या पंचाकडेच असावा. दुसरी: निर्णय बदलला, तर त्याचे कारण पंचाने सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी ध्वनिक्षेपकावरून निर्णय जाहीर केले. त्याने पंचांचे वजन कमी झाले नाही. कारण न देता दिलेला न्याय हुकमासारखा वाटतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: किमान सोय सर्वत्र पोहोचावी. प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा तपासणी मागता येईल आणि थोड्या कॅमेऱ्यांत काम भागेल, अशी स्वस्त पद्धत फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातील वीस वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात वापरून पाहिली. तीत खोलीभर पंच लागत नाहीत. गरीब संघटनांना परवडेल असा मार्ग हाच आहे.

अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथेही लागू पडतो: जेथे एखादी वस्तू विपुल आहे, तेथे तिच्यात आणखी भर घालून मिळणारा लाभ अल्प असतो, जेथे ती मुळीच नाही, तेथे पहिला घास सर्वांत मोलाचा. लंडनमध्ये ऑफसाइडची रेषा केसाने बारीक करण्यावर जो खर्च होतो, त्याचा अंशही आशियातील पात्रता सामन्यांवर झाला, तर खेळातील एकूण अन्याय कितीतरी अधिक घटेल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम संघांच्या सामन्यात शिटी वाजवणारा पंच आपल्या दोन डोळ्यांवरच विसंबून उभा असतो आणि हजारो लोक त्याचा निर्णय कुरकुरत का होईना, पण मानतात. खेळ त्या मान्यतेवर उभा आहे. यंत्राने ती मान्यता बळकट करावी. तिची जागा घेऊ नये, आणि तिचा लाभ श्रीमंतांपुरता राखून ठेवू नये.