निलगिरीचं लाकूड, तेही फ्लोअरिंगला?

निलगिरी म्हटलं की आपल्याकडे आठवतात त्या बांधावरची सरळसोट झाडं आणि बांधकामावरच्या बल्ल्या. त्याच जातकुळीतला जॅरा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या रानांत वाढतो. पर्थच्या जुन्या घरांत पायाखाली तोच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर लंडनच्या रस्त्यांवरही त्याचे ठोकळे बसवले गेले. बल्ल्या निघतात कोवळ्या झाडांच्या, जॅराच्या फळ्या जुन्या, जाड खोडांच्या. तेव्हा जातकुळी एक म्हणून लाकूडही एकसारखं, असं नाही.

कठीण लाकडावर ओरखडा उठत नाही, हेही खरं नाही. यान्का चाचणीत 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतेपर्यंत दाबतात. जॅराला त्यासाठी सुमारे 8.5 किलोन्यूटन जोर लागतो, सागाला बराच कमी. पण हे झालं दबण्याचं माप. खुर्ची ओढली की ओरखडा आधी उठतो तो पॉलिशवर, आणि पॉलिशला खाली साग आहे की जॅरा, याच्याशी देणंघेणं नसतं.

सगळ्यात महाग पडतो तो पाण्याबद्दलचा गैरसमज. जड, घट्ट लाकूड म्हणजे हलणार नाही, असं गिऱ्हाईक धरून चालतं. प्रत्यक्षात ओला जॅरा सुकताना फळीच्या रुंदीत सुमारे 7 टक्क्यांपर्यंत आकसतो, सागापेक्षा जास्तच. म्हणून ऑस्ट्रेलियात फ्लोअरिंगच्या फळ्या साधारण 9 ते 14 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवतात आणि घरातल्या हवेला सरावल्यावरच ठोकतात. घाई केली की कोरड्या दिवसांत फटी पडतात, दमट दिवसांत फळ्या फुगून कडा वर येतात. रोज पाण्याने निथळती लादी पुसायची सवय इथे चालत नाही.

वाळवीचं म्हणाल तर गाभ्याचं लाल लाकूड चांगलं तग धरतं, बाहेरचं फिकट नाही.

रंगही कायम राहत नाही. उजेडाने लाली गडद होते, त्यामुळे गालिचा उचलला की खाली फिकट चौकोन दिसतो. जुन्या खिळ्यांभोवतीची काळी वर्तुळं मात्र कीड नव्हे. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने ती उमटतात.

राहिला पुरवठा. 1 जानेवारी 2024 पासून पश्चिम ऑस्ट्रेलियाने नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद केली. आता जॅरा येतो जंगल विरळणीतून, खाणींसाठी साफ केलेल्या जागेतून किंवा पाडलेल्या इमारतींतून. जुन्या फळ्या घेणाऱ्याने रंधा लावण्याआधी मोडके खिळे शोधून काढावेत, नाहीतर पहिल्याच फेरीत पातं जातं.