दुभाषी वाटाड्या : शेतीस पूरक व्यवसाय

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव परिसर धानाचा, तलावांचा आणि वनांचा आहे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. तेथे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना हा प्रदेश समजावून देणारा स्थानिक दुभाषी हवा असतो.

या कामास केवळ इंग्रजी पुरत नाही. ‘मामा तलाव’ याचे शब्दशः भाषांतर केल्यास पाहुणा तो कोणा मामाचा तलाव समजेल. वास्तविक ‘मामा’ हे ‘माजी मालगुजारी’चे संक्षिप्त रूप आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि हे सिंचन तलाव शासनाकडे आले. एवढा इतिहास दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. पहाटे वेचली जाणारी मोहफुले केवळ मद्यासाठी नसून खाद्यही आहेत, हेही सांगावे लागते.

कधी नकार देणे हेच कर्तव्य ठरते. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. धानाच्या बांधीतील त्याचे घरटे जवळून पाहण्याचा आग्रह झाला, तरी तो नम्रपणे मोडून काढावा. घरटे उजाडले, तर पाहुणेही येणार नाहीत.

या व्यवसायात नियत वेतन नसल्याने मोबदला आधीच ठरवून घ्यावा. राखीव वनात मार्गदर्शनासाठी वनविभागाची अनुमती घ्यावी. पावसाळ्यात प्रकल्पातील पर्यटन बंद असते. तेव्हाच धानाची रोवणी चालते. त्यामुळे शेतकरी तरुणास हे काम सोयीचे आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील तलाव, वृक्ष व पक्षी यांची माहिती लिहवून घ्यावी आणि ग्रामपंचायतींनी ती जतन करावी. उद्याच्या दुभाष्याची पूर्वतयारी यातूनच होईल.